काळं कार्टून

अमरावतीत पायल वानखडेला चेहऱ्यानं ओळखणारी माणसं फार नसतील, पण तिचा आवाज कानावरून गेलाच नाही असा माणूस शोधायचा म्हटलं तर जड जाईल. शहरात भोंगा लावून जेवढे ऑटो फिरतात, त्यांतल्या निम्म्यांवर तीच बोलत असते. साड्यांचा सेल लागला, सर्कस आली, उद्या नळ येणार नाही, पोरांना पोलिओचा डोस पाजून घ्या, कुणाचं म्हातारं माणूस हरवलं, कुणाचं दुःखद निधन झालं, सगळं पायलच सांगते. भाजी निवडताना खिडकीतून आपलाच आवाज आत आला की ती म्हणते, "गप वं बाई, किती बोलशील," आणि पुढची जुडी हातात घेते.

बाई चाळिशीची, अंगानं किरकोळ. नवरा ललित रेल्वेत, घर बडनेऱ्याच्या जुन्या वस्तीत, आणि घरात आई दुर्गाबाई. एवढ्याशा अंगातून एवढा आवाज निघतो कुठून, हे पहिल्यांदा भेटणाऱ्याला कळत नाही. आणि हा आवाज घडला कसा, ते सांगितलं तर त्याला खरं वाटत नाही. तो घडला एका जपानी कार्टूनवर.

पायल बारावीत नापास झाली, त्या उन्हाळ्यातली गोष्ट. तेव्हा घरोघरी केबल असायची आणि केबलवाल्याचं स्वतःचं एक चॅनेल असायचं. बडनेऱ्याचा केबलवाला ओमप्रकाश. तो त्या चॅनेलवर मनाला येईल ते लावायचा, लग्नाच्या कॅसेटीसुद्धा. सुट्ट्या लागल्या म्हणून पोरांसाठी त्यानं नागपूरहून कार्टूनच्या डिस्क आणल्या. कार्टून म्हणजे कार्टून, त्यात काय पाहायचं, असा त्याचा हिशेब. त्यानं त्यातली एक भर दुपारी लावून दिली आणि जेवायला गेला.

पडद्यावर बर्फ, कावळे, जळालेली गावं आणि झाडाला टांगलेली माणसं. निम्म्या बडनेऱ्यातली पोट्टी आयांच्या पदराखाली शिरली. संध्याकाळी चार बाप ओमप्रकाशच्या दारात उभे राहिले, त्यांतल्या एकाच्या हातात चप्पल होती. ओमप्रकाशनं कान पकडले, डिस्कवर मार्करनं 'काळं कार्टून' असं लिहिलं आणि ती माळ्यावर टाकली. दुसऱ्या दिवशी पाचवी व्यक्ती दारात आली. ती पायल होती, आणि ती भांडायला आली होती. "बंद काहून केलं? पुढं काय झालं ते कोन सांगन?"

ओमप्रकाशनं तिच्याकडे नीट पाहिलं आणि सगळ्या डिस्क, वर एक जुना प्लेअर, तिच्या हवाली केला. घरातून बला गेली म्हणून तो खूश.

आता त्या कार्टूनमध्ये होतं काय? जुन्या काळातलं, किल्ल्याबुरुजांचं एक राज्य. तिथल्या राजानं थंडीत येणाऱ्या एका काळ्या धुक्याशी करार केलेला असतो. दर हिवाळ्यात एक गाव धुक्याला द्यायचं, म्हणजे राजधानी सुखरूप राहते. असंच एक गाव देऊन टाकतात. त्या गावची एक पोरगी, घोड्यांना नाल ठोकणारी, त्या वेळी कामानं दुसरीकडे गेलेली असते. ती मागे उरते. मग हातोडी खांद्यावर टाकून ती राजधानीकडे चालू लागते. राजाला मारायला नाही, विचारायला. आमचंच गाव काहून, एवढंच विचारायला. तिचं जपानी नाव पायलच्या जिभेवर बसेना, म्हणून ती झाली नालवाली.

दुसरी कार्टुनं पायलनं पाहिली नव्हती असं नाही. त्यांत कुणी कड्यावरून पडलं तरी उठून पळायचं. इथं पहिल्या भागात नालवालीचं मोडलेलं बोट शेवटच्या भागातही वाकडंच होतं. जो मेला तो मेला, त्याचं घोडं पुढच्या भागात दुसऱ्याच माणसाकडे दिसायचं. चित्रं हातानं काढलेली. कित्येकदा एकच चित्र बराच वेळ हलायचं नाही, नुसता वारा ऐकू यायचा, आणि त्या वाऱ्यात छाती भरून यायची. राजा खदाखदा हसणारा राक्षस नव्हता. तो हळू बोलायचा, गावाचं नाव घेताना डोळे पुसायचा आणि शिक्का मारायचा. आणि नालवाली जिंकायची नाही. प्रत्येक भागात ती खाली पडायची आणि शेवटी उठून उभी राहायची, तेवढ्यावर भाग संपायचा. बारावी नापास झालेल्या, 'आता हिचं लग्न उरकून टाका' हे रोज ऐकणाऱ्या पोरीला याहून जास्त काय हवं असतं?

अडचण एकच होती. बोलणं जपानी, खाली इंग्रजी अक्षरं, आणि पायल दुसऱ्या शब्दावर पोचेपर्यंत ओळ गायब. शेजारी दुर्गाबाई बसलेली, तिला तर मराठीही वाचता येत नव्हतं, आणि दर दोन मिनिटांनी ती विचारायची, "काय म्हनून राहिली वं ते?" पायलनं दोन दिवस "माहीत नाई" म्हणून पाहिलं. मग वैतागून आपल्या मनानंच सांगायला लागली. राजा, नालवाली, शिपाई, म्हातारा जोगी, सगळ्यांचं बोलणं वऱ्हाडीत, प्रत्येकाचा आवाज वेगळा. पुढं कित्येक वर्षांनी तिनं तेच कार्टून मोबाइलवर ओळी थांबवून थांबवून वाचलं, तेव्हा कळलं की निम्मं आपण साफ चुकीचं सांगितलं होतं. जोगी राजाचा हेर निघाला. पायलनं त्याला नालवालीचा मामा करून टाकलं होतं. दुर्गाबाई आजही त्याला मामाच म्हणते आणि त्यानं भाचीला दगा दिला म्हणून त्याला शिव्या देते.

त्या कार्टूनला शेवट नव्हता. बनवणाऱ्यांचं दुकान मध्येच बंद पडलं म्हणे. नालवाली राजवाड्याच्या दारावर हातोडी उगारते, आणि संपलं. दुर्गाबाई चिडली ती चिडलीच. "असं कसं संपलं? तूच सांगून नाई राहिली." तो आरोप पायल आजतागायत ऐकते आहे.

एकदा प्लेअर परत न्यायला ओमप्रकाश आला. दारात उभं राहून त्यानं हे वऱ्हाडी जपान ऐकलं आणि प्लेअर न घेताच परत गेला. पुढं घरोघरी डिशच्या छत्र्या आल्या, केबल बुडाली, त्यानं भोंग्यांच्या रेकॉर्डिंगची खोली टाकली आणि पहिला निरोप पायलला पाठवला.

इथवर सगळं सरळ होतं. वाकडं झालं ते पियुषमुळे.

पियुष अकोल्याचा. इंजिनिअरिंग करून मोबाइलवर चॅनेल चालवतो, म्हणजे गाजलेल्या सिनेमांतले तुकडे घ्यायचे आणि त्यांवर वऱ्हाडी बोलणं चढवायचं. पोरगं मेहनती आणि मनानं वाईट नाही. त्यानं भोंग्यावर पायलला ऐकलं आणि तिच्यासाठी झिंगूमावशी नावाचं पात्र काढलं. झिंगूमावशी कुणाच्याही तोंडून बोलायची: सिनेमातल्या राणीच्या, डाकूच्या, विमानातल्या बाईच्या. ती तोंड उघडायची आणि अकोल्यापासून गोंदियापर्यंत माणसं पोट धरून हसायची. पायललाही मजा आली. लोक हसतात यात दुखण्यासारखं काय होतं? सुरुवातीला काहीच नाही.

मग हळूहळू दुखायला लागलं. बँकेत ती म्हणाली, "माह्यं पासबुक भरून द्या," तर खिडकीमागची पोरगी हसली. भोंग्यावर निधनाची बातमी गेली, तर चौकातली पोरं ओरडली, "झिंगूमावशी वारली रे!" आणि टीव्हीवरच्या मालिकांत तर ठरलेलंच आहे; वऱ्हाडी बोलणारा माणूस आला की तो एक तर स्वयंपाकी, नाही तर बावळट. पायलला राग यायचा, पण कुणावर काढावा ते समजायचं नाही. लोकांना हसवून पैसे तर तीच घेत होती.

यंदाच्या एप्रिलमध्ये पियुष उड्या मारत बडनेऱ्याला आला. "ताई, एक जुनं जपानी कार्टून हाये. आता पुन्हा निघालं, पोट्टे पागल झाले त्याच्यावर. टी-शर्ट घालून फिरून राहिले. आपन त्याचं वऱ्हाडी करू." त्यानं मोबाइल पुढे धरला. पडद्यावर नालवाली आपल्या ओसाड गावात परत येत होती. सगळीकडे बर्फ, दारं सताड उघडी, माणूस एक नाही. मूळ कार्टूनमध्ये इथं ती अवाक्षर बोलत नाही. पियुषनं नमुना म्हणून तिथं आपलाच बायकी आवाज लावला होता: "अवं, फ्रीजचं दार कोनं उघडं ठेवलं वं?"

पायल हसली. खरं सांगायचं तर फसकन हसली, कारण वाक्य चोख बसलं होतं. आणि पुढच्याच क्षणाला तिला स्वतःची इतकी लाज वाटली की मोबाइल तिनं उपडा करून ठेवला.

"हे नाई करायचं," ती म्हणाली.

"काहून?"

"हे मी पयलेच केलं हाये. वीस वर्सं झाले. सरळ केलं होतं, जोक नाई." आणि तिनं त्याला सगळं सांगितलं, डिस्कपासून मामापर्यंत.

पियुषनं ऐकून घेतलं आणि मान हलवली. "ताई, राग नोका मानू. वऱ्हाडीत सिरियस बोललं का लोकं हासतातच. आपली भाषाच तशी हाये. तलवारीचं बोलनं तिच्यात शोभत नाई."

आता मात्र पायलचा पारा चढला. "जपानी मानूस त्याच्या भाषेत रडते, तं तुमी त्याले क्लासिक म्हनता. न आपन आपल्या भाषेत रडलो, तं कॉमेडी? आपल्याकडं कोनी मरतच नाई काय रे? मेल्यावर बाया पुन्याच्या भाषेत रडतात काय?"

"मले पटते," पियुष म्हणाला, "लोकाईले नाई पटनार."

तिथंच शर्त लागली. मेच्या शेवटी अकोल्यात या कार्टूनवेड्या पोरांचा मेळा भरणार होता. तिथं मोठ्या पडद्यावर हाच प्रसंग दाखवायचा आणि पायलनं समोर माइकवर उभं राहून तो वऱ्हाडीत बोलायचा. लोक हसले, तर सगळे भाग पियुषच्या मनासारखे होतील, पायल झिंगूमावशी होऊन मुकाट्यानं आवाज देईल. हसले नाहीत, तर या कार्टूनला पियुषनं पुन्हा हात लावायचा नाही.

शर्त लावून बसली खरी, पण बोलायचं काय? ओमप्रकाशच्या खोलीत माइकसमोर तिनं कितीतरी प्रकार करून पाहिले. हुंदके देऊन पाहिलं, तर मालिकेतली सून वाटायला लागली. मोठमोठे शब्द घातले, तर भाषण झालं. हळू, गंभीर आवाज लावला, तेव्हा ओमप्रकाशनं कानावरचे हेडफोन काढले. "पायल, ये तो दुःखद निधनवाली अनाउन्समेंट हो गयी." बरोबर होतं त्याचं. वीस वर्षांपूर्वी आईला आपण इथं काय सांगितलं होतं, हे तिला काही केल्या आठवेना.

तिनं घरी आईला विचारलं. दुर्गाबाई तांदूळ निवडत होती. "तथी तू काईच नाई सांगतलं," ती मान वर न करता म्हणाली. "तू रडून राहिली होती. मीच बोलली होती त्या पोरीच्या वाटचं."

"काय बोलली होती?"

"मले काय याद हाये आता? जे गावात बोलतो, तेच बोलली असन."

गावात म्हणजे झरीगव्हाणात. ते दुर्गाबाईचं माहेर, वरूडच्या बाजूचं, आणि ते धरणात गेलं. उन्हाळ्यात पाणी खाली सरकलं की गाव वर येतं: जोती, विहिरीचं कडं, विहाराचा ओटा. मग कुठं कुठं पांगलेले गावकरी एक दिवस तिथं जातात, आपापल्या जोत्यावर बसून भाकर खातात आणि दिवस कलताना परततात. लहानपणी पायल आईबरोबर जायची. पुढं तिनं सोडलं. कारण सांगायलाही तिला संकोच व्हायचा. आई तिथं वेड्यासारखी वागायची, म्हणून.

यंदा मात्र तीच म्हणाली, "मी येतो तुह्यासंगं."

तडे गेलेल्या चिखलातून दोघी गावात शिरल्या. माणसं आली होती, पण आपापल्या जोत्यावर होती. दुर्गाबाईनं पदर खोचला आणि वाटेवरच्या पहिल्या रिकाम्या जोत्यापुढं उभी राहून मोठ्यानं भांडायला लागली. "अवं मैने, दार काहून उघडं टाकलं वं? कुत्रं शिरन ना!" तिथं दार नव्हतं, भिंतही नव्हती. ती पुढं गेली. "मनकर्णे, चूल इझली तुही. आता इस्तो मांगाले मी जाऊ कोनाकडं?" अशी ती दारोदार गेली. डोळ्यांत टिपूस नाही. नुसती भांडत होती, आणि प्रत्येक दारापुढं थोडं थांबत होती. लहानपणी हीच भांडणं ऐकून पायल लाजेनं दूर जाऊन उभी राहायची.

शेवटी आपल्या बापाच्या जोत्यावर येऊन म्हातारी टेकली.

"माय, तू थांबते काहून दर डावं?" पायलनं विचारलं.

"हाक मारली का ओ द्याले जागा सोडा लागते."

"पन अथी कोन ओ देईन?"

"कोनी नाई देत," दुर्गाबाई म्हणाली. मग चिखलाकडे पाहत बोलायला लागली. गाव उठलं तेव्हा तिचं लग्न झालेलं होतं. सासरी गेलेल्या लेकीचं नाव पुनर्वसनाच्या यादीत नसतं. तिला ना जागा मिळाली, ना कुणी तारीख कळवली. ती माहेरपणाला म्हणून आली, तर माहेराच्या जागी पाणी होतं. "सारे निंगून गेले न मले कोनी सांगतलं नाई. म्हनून भांडतो. रडनं तं त्याईच्यासाठी असते ज्याईनं सांगून जीव सोडला."

नालवाली कोण होती, हे तिला त्या दिवशी कळलं. आणि आपली माय त्या पडद्यापुढून का हलत नव्हती, तेही. इतकी वर्षं ती समजत होती की आपण आईला एक परकी गोष्ट सोपी करून सांगितली. आईला त्यात सोपं करण्यासारखं काही नव्हतंच.

मेळ्याच्या दिवशी अकोल्यात ऊन असं होतं की डांबर चपलेला चिकटत होतं, आणि त्या उन्हात पोट्टी काळी ब्लँकेटं पांघरून, थर्माकोलच्या तलवारी घेऊन फिरत होती. एक पोरगी हातोडी घेऊन नालवाली झाली होती. तिच्या कपाळावरचा रंग घामानं हनुवटीपर्यंत आला होता. दुर्गाबाईनं तिला थांबवून पाण्याची बाटली दिली. "पी वं. बर्फात हिंडून राहिली न घामानं मरशीन."

हॉल गच्च भरला होता. पायल मंचावर आली आणि पाठीमागून आरोळी आली, "झिंगूमावशी!" शिट्ट्या, टाळ्या, हशा. पियुष कोपऱ्यात उभा होता. तो तिला म्हणाला, "ताई, अजून येळ हाये. कॉमेडी करू, पोट्टे खूश होतीन."

"ते कूलर बंद कराले सांग," पायल म्हणाली.

"काय? ताई, अकोला हाये हे!"

"वारा पडद्यातला आयकू आला पायजे. बंद कर."

चारही कूलर घरघरत बंद झाले. सगळा हॉल कण्हला. दिवे गेले, पडद्यावर बर्फ पडायला लागला, आणि त्या भट्टीत वारा ऐकू आला. नालवाली गावात शिरली. पहिल्या दारापाशी थांबली. पायलनं माइक तोंडाजवळ घेतला.

"अवं मैने, दार काहून उघडं टाकलं वं? कुत्रं शिरन ना!"

हॉल फुटला. पोरं खुर्च्यांवर हात आपटून हसली, कुणीतरी पुन्हा "झिंगूमावशी!" ओरडलं. शर्त गेली होती, पहिल्याच वाक्याला गेली होती. खाली उतरून जावं असं तिला एकदा वाटलं. पण पडद्यावरची पोरगी चालतच होती, आणि ती पडून उठल्याशिवाय भाग संपत नसतो, हे पायलला कुणी सांगायला नको होतं. हसा, म्हणाली ती मनात, किती हसता ते पाहते.

"मनकर्णे, चूल इझली तुही. आता इस्तो मांगाले मी जाऊ कोनाकडं?"

हशा झाला, पण अर्धाच. तिनं आवाज तसाच ठेवला. रडका केला नाही, जड केला नाही. नळावर भांडतात तसा, भर दुपारचा आवाज. पडद्यावर एका उघड्या तबेल्यात रिकामं दावं लोंबत होतं.

"देवमनदादा, घोड्याले नाल पायजे म्हने ना तू? आनला मी नाल. आता घोडं कुठी हाये?"

मागं कुणीतरी एकटाच हसला आणि मध्येच थांबला.

"कौशल्ये, ओ दे ना वं. सारे मिळून निंगून गेले न मले एक सबद सांगतलं नाई? मी काय परकी होती? दोन दिसासाठी काय गेली मी, तं गावातून नाव काढून टाकलं माह्यं?"

आता हॉलमध्ये फक्त वारा होता. घाम पुसायलाही कुणी हात हलवत नव्हतं. नालवाली शेवटच्या घरापाशी आली, उंबऱ्यापुढं उभी राहिली. पायलनं ठरवून आणलेलं वाक्य इथं एकच होतं.

"माय... ये माय. मी आली. दार उघड."

आणि ती थांबली. ओ द्यायला जागा सोडावी लागते, म्हणून थांबली. पडद्यावर दार तसंच, बर्फ तसाच. त्या शांततेत तिसऱ्या रांगेतून म्हातारा आवाज उठला.

"ओ! आली वं, बाई. आली."

दुर्गाबाई खुर्चीवरून अर्धी उठली होती. तिला माइक, मेळा, शर्त, कशाचंच भान नव्हतं. लेकीनं हाक मारली होती आणि तिनं ओ दिली होती. इतक्या वर्षांत त्या गावात मारलेल्या हाकेला मिळालेली ही पहिली ओ.

कुणी हसलं नाही. दिवे लागले तरी टाळ्या लगेच आल्या नाहीत. कपाळावरचा रंग ओघळलेली ती पोरगी हातोडी मांडीवर ठेवून हमसून रडत होती.

पियुष मंचामागं आला. त्याचे डोळे लाल होते आणि ते लपवायचं त्याला सुचलं नव्हतं. "शर्त तुमी हारल्या, ताई. लोकं हासले."

"हासले," पायल म्हणाली. "मी काई नाकबूल नाई करत. बोल्याची पक्की हावो मी. कर तुह्या मनासारखं."

पियुष थोडा वेळ पायानं फरशी घासत राहिला. "माह्या मनात आता दुसरं काई येऊनच नाई राहिलं. सारे भाग असेच करा. फक्त कूलर चालू ठिवू द्या."

परतीच्या गाडीत मायलेकींना खिडकीजवळ जागा मिळाली. मूर्तिजापूर आलं आणि दुर्गाबाईचं नेहमीचं सुरू झालं. "मंग त्या पोरीनं हातोडी उचलली, पुढं काय झालं? आता तरी सांग."

"माय, पुढचं कोनी बनवलंच नाई. किती डाव सांगू?"

"त्याईनं नाई बनवलं तं नाई बनवलं. तुले तोंड नाई काय?"

पायलनं आईकडे पाहिलं. वीस वर्षं ती हेच ऐकत आली होती आणि वीस वर्षं तिला वाटत होतं की म्हातारीला समजत नाही. समजत पायललाच नव्हतं. तिनं पाय वर घेतले, मांडी घातली आणि डब्याची पर्वा न करता भोंग्यावरचा आवाज लावला. "मंग काय, हानली ना तिनं हातोडी त्या दारावर! राजा आतून म्हने, कोन हाये वं? हे म्हने, तुह्या हिशेबात जे धरली नाई ना, ते हाये मी. उघड!"

समोरच्या बाकावर इस्त्रीच्या शर्टातला एक माणूस मोबाइलमधून मान वर करून फसकन हसला. पायल थांबली. दुर्गाबाई मात्र त्याच्याकडे वळली, त्याला वरून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "हास बापू, हास. पन पूरं आयकल्याबिगर उतरू नोको."